व्हीसी युनिटं ॲक्टिव्ह डिरेक्टरीला जोडायची, पण नेमकं काय जोडायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर तुम्हाला लगेच अडवता येईल. मुख्य कार्यालय जळगावला, शाखा धुळे, नंदुरबार, शहादा, चोपडा आणि आणखी काही तालुक्यांत. मिळून १४ व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्सिंग) युनिटं. त्यात काही जुनी पॉलिकॉमची, काही सिस्कोची, आणि अलीकडे घेतलेल्या दोन खोल्या मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या. सगळ्यांचा ॲडमिन पासवर्ड एकच, आणि तो नोकरी सोडून गेलेल्यांनाही पाठ. त्यावर ऑडिटचा आक्षेप आला आणि व्यवस्थापनाने सांगितलं, सगळं ॲक्टिव्ह डिरेक्टरीला, म्हणजे संस्थेतली खाती आणि पासवर्ड एका जागी सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेला, जोडून टाका. तुम्ही युनिटमध्ये सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट ३८९ टाकून पाहिलं. जुन्या सर्व्हरवर हे चालत होतं, पण विंडोज सर्व्हर २०२५ वर नवा डोमेन (डिरेक्टरीतलं संस्थेचं क्षेत्र) उभारल्यापासून लॉगिन होत नाही. शिवाय युनिटांची गेटकीपरवरची (कॉल जुळवणाऱ्या सर्व्हरवरची) नोंदणीही डिरेक्टरीच्याच पासवर्डने व्हावी, असं तुम्हाला वाटतं.

यातला पहिला भाग करा आणि नीट करा. दुसरा करू नका, असं माझं मत आहे. तुमची उपकरणं आणि कॉल कंट्रोल (हाच कॉल जुळवणारा सर्व्हर) कोणतं आहे यावर थोडं अवलंबून आहे, पण मत बदलावं इतकं नाही.

विक्रेत्याच्या माहितीपत्रकात 'एडी इंटिग्रेशन' अशी एकच ओळ असते, आणि तिच्या पोटात चार-पाच वेगळी कामं दडलेली असतात. युनिटच्या वेब पानावर शिरणाऱ्या माणसाचं लॉगिन हे एक. युनिटने गेटकीपर किंवा सिप (कॉल जोडण्याची एक पद्धत) सर्व्हरवर स्वतःची नोंद करणं हे दुसरं. स्विचच्या पोर्टवर उपकरणाला आत घ्यायचं की नाही, हे तिसरं. फोनबुकमध्ये नावं शोधणं आणि खोलीचं कॅलेंडर वाचणं ही त्यापुढची. रावेर-सावद्याहून केळीचा ट्रक निघतो तेव्हा नाक्यावर गाडीचं आरसी वेगळं बघतात आणि ड्रायव्हरचं लायसन वेगळं. तसंच इथे माणसाची ओळख आणि यंत्राची ओळख वेगळी ठेवायची. ऑडिटचा आक्षेप माणसाच्या ओळखीबद्दल आहे: सेटिंग कुणी बदललं हे सांगता येत नाही. तेवढंच सोडवायचं असेल तर वेब लॉगिन डिरेक्टरीला जोडलं की काम झालं.

आता तुमचं लॉगिन का अडलं ते बघू. विंडोज सर्व्हर २०२५ वर नव्याने उभारलेल्या डोमेनमध्ये एलडीएपी (डिरेक्टरीशी बोलायची भाषा) साइनिंग, म्हणजे विनंतीवर खात्रीची डिजिटल सही, मुळातच सक्तीचं असतं. मायक्रोसॉफ्टने ही सूचना २०१९ पासून द्यायला सुरुवात केली होती. व्हीसी युनिटं बहुतेक करून 'सिंपल बाइंड' वापरतात, म्हणजे नाव आणि पासवर्ड सरळ पाठवतात. पोर्ट ३८९ वर टीएलएस (कूटबद्ध जोडणी) नसेल तर तो पासवर्ड तारेवरून उघडा जातो, कुणीही पकडू शकतो. नवा डोमेन असा बाइंड घेतच नाही. पासवर्ड बरोबर आहे की चूक, हे बघायच्या आधीच नकार देतो. त्यामुळे युनिटच्या पडद्यावर 'ऑथेंटिकेशन फेल्ड' दिसतं आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो. एलडीएपीचा परतीचा कोड ८ असेल तर कारण हेच आहे. कोड ४९ असेल तर पासवर्डाचं किंवा खात्याचं काहीतरी आहे, त्याकडे शेवटी येतो.

कुणीतरी तुम्हाला सल्ला देईल की ग्रुप पॉलिसीतून (डोमेनभर सेटिंग लावायच्या सोयीतून) साइनिंगची सक्ती काढून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटांचंच आहे, हे खरं. पण मग संस्थेतल्या ज्या माणसांना युनिटचं ॲडमिन लॉगिन दिलंय त्यांचे डोमेन पासवर्ड धुळ्या-नंदुरबारच्या लाइनवरून उघडे फिरणार. ऑडिटचा एक मुद्दा मिटवायला दुसरा जास्त मोठा तयार करण्यात अर्थ नाही.

उपाय एलडीएपीएस, म्हणजे टीएलएसमधून जाणारं एलडीएपी, पोर्ट ६३६. त्यासाठी डोमेन कंट्रोलरवर (डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरवर) सर्व्हर ऑथेंटिकेशनसाठी दिलेलं सर्टिफिकेट लागतं, आणि ते देणाऱ्या रूट अथॉरिटीचं सर्टिफिकेट प्रत्येक युनिटमध्ये चढवावं लागतं. इथे दोन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, तुम्ही सर्व्हरच्या जागी आयपी टाकलाय. सर्टिफिकेटमध्ये नाव असतं, आयपी नसतो, त्यामुळे चोख तपासणी करणारं युनिट जोडणीच नाकारतं. तिथे सर्व्हरचं पूर्ण डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा) नाव टाका, आणि युनिटचा डीएनएस तुमच्या अंतर्गत सर्व्हरकडेच बघतोय याची खात्री करा. शाखांमधल्या युनिटांना बऱ्याचदा राउटरकडून इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा डीएनएस मिळालेला असतो, आणि त्याला तुमचं अंतर्गत नाव ठाऊक असण्याचं काही कारण नाही.

दुसरं असं की लोक एका सर्व्हरऐवजी डोमेनचंच नाव टाकतात, म्हणजे एक कंट्रोलर बंद असला तरी दुसरा उत्तर देईल. कल्पना चांगली आहे, पण मग सर्टिफिकेटमध्ये डोमेनचं नावही असायला हवं. मायक्रोसॉफ्टच्या सर्टिफिकेट सर्व्हिसमधल्या 'केर्बेरॉस ऑथेंटिकेशन' टेम्प्लेटमध्ये ते येतं, जुन्या 'डोमेन कंट्रोलर' टेम्प्लेटमध्ये येत नाही. एवढ्या एका फरकामुळे अर्धी युनिटं चालतात आणि अर्धी नाही, असा चमत्कार दिसतो. खरं तर जी चालतात ती नाव तपासतच नसतात.

जुन्या पॉलिकॉम युनिटांबद्दल एक अडचण आधीच सांगून ठेवतो. फार जुन्या मॉडेलांना फक्त टीएलएस १.० येतं आणि नव्या सर्व्हरवर ते बहुधा बंद असतं. एका युनिटसाठी डोमेन कंट्रोलरवर जुनं टीएलएस उघडू नका. त्या युनिटला स्थानिक पासवर्डवरच ठेवा, पासवर्ड फक्त त्याच युनिटचा असू द्या, आणि ऑडिटला लेखी अपवाद म्हणून द्या. ऑडिटवाल्यांना अपवाद चालतो, त्यांना न सांगितलेली गोष्ट चालत नाही.

यानंतर बाइंडचं नाव. सिंपल बाइंडला ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नुसतं लॉगिन नाव पुरत नाही. डोमेन आणि त्यापुढे उलटी तिरकी रेघ देऊन नाव, किंवा ईमेलसारखं दिसणारं यूपीएन, नाहीतर पूर्ण डिस्टिंग्विश्ड नेम (डिरेक्टरीतला खात्याचा पूर्ण पत्ता), यातलं काहीतरी लागतं. काही युनिटं डोमेन स्वतःच जोडून घेतात, काही घेत नाहीत. काही मॉडेल आधी एका सर्व्हिस खात्याने डिरेक्टरी शोधतात आणि मग सापडलेल्या माणसाच्या नावाने बाइंड करतात. हे सर्व्हिस खातं साधं डोमेन युजर असावं, वाचण्यापुरतं. मी अनेक ठिकाणी तिथे डोमेन ॲडमिनचं खातं घातलेलं बघितलंय. युनिटच्या कॉन्फिगरेशनची बॅकअप फाइल कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर फिरत असते, आणि तिच्यात हे खातंही जातं. मग डोमेनचीच चावी पेनड्राइव्हवर गेली म्हणायची.

या खात्याचा पासवर्ड लांबलचक ठेवा आणि त्याला मुदत लावू नका. बदल्यात त्याला कुठल्याच संगणकावर बसून लॉगिन करता येणार नाही अशी मनाई घाला, आणि पासवर्ड वर्षातून एकदा ठरवून बदला. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पासवर्डची मुळातली कमाल मुदत ४२ दिवस असते. ती तशीच राहिली तर दीड महिन्याने एका सकाळी सगळी युनिटं एकदम नाही म्हणतात आणि फोन येतो, "भो, बठ्ठं बंद शे."

गटांचंही बघा. 'व्हीसी-ॲडमिन' असा एक वेगळा सिक्युरिटी ग्रुप करा, आणि माणसं थेट त्यातच टाका. आयटीचा मोठा ग्रुप त्याच्यात घातला तर बऱ्याच युनिटांना आतली माणसं दिसत नाहीत, कारण युजरच्या 'मेंबरऑफ' गुणधर्मात फक्त थेट सदस्यत्व असतं. काही उपकरणांत शोधाचा फिल्टर स्वतः लिहिता येतो. तिथे १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१ हा जुळणीचा नियम वापरला तर ग्रुपातला ग्रुपही सापडतो. एक गंमत अशी की 'डोमेन युजर्स' हा ज्याचा प्राथमिक ग्रुप असतो त्याच्या 'मेंबरऑफ'मध्ये तो दिसतच नाही. त्यामुळे 'सगळ्यांना युजर म्हणून येऊ द्या' या हेतूने तो ग्रुप टाकला तर कुणीच आत येत नाही.

आणि एक चाचणी कृपया चुकवू नका. सगळं जोडून झालं की युनिटच्या लॉगिन पानावर योग्य नाव टाका, पासवर्डची जागा रिकामी सोडा आणि एंटर दाबा. एलडीएपीच्या नियमांप्रमाणे नाव दिलं आणि पासवर्ड रिकामा असला तर सर्व्हर त्याला अनामिक बाइंड समजून 'यशस्वी' असं उत्तर देऊ शकतो. उपकरणाचं सॉफ्टवेअर आळशी असेल तर तेवढ्यावर माणसाला आत घेतं. विंडोज सर्व्हर २०१९ पासून असे रिकामे बाइंड डोमेनच्या पातळीवर बंद करता येतात. ते बंद करा, आणि तरी चाचणी घ्या.

आता गेटकीपरकडे वळू. सिपमध्ये नोंदणीची ओळख 'डायजेस्ट' पद्धतीने पटवतात: सर्व्हर एक आव्हान पाठवतो, आणि युनिट पासवर्ड, नाव, रेल्म (सर्व्हरच्या क्षेत्राचं नाव) वगैरे मिसळून त्याचा हॅश, म्हणजे उलटा न फिरवता येणारा सांकेतिक ठसा, परत पाठवतं. हा हॅश तपासायला सर्व्हरकडे मूळ पासवर्ड हवा, नाहीतर नाव-रेल्म-पासवर्ड यांचा ठरलेल्या पद्धतीने काढलेला हॅश हवा. नेहमीच्या मांडणीत ॲक्टिव्ह डिरेक्टरी यातलं काही बाहेर वाचू देत नाही. तिच्यात पासवर्डचा मुख्यतः वेगळ्याच प्रकारचा हॅश असतो आणि त्यावरून मूळ पासवर्ड काढता येत नाही. म्हणजे विक्रेता आळस करतोय म्हणून हे अडलेलं नाही. दोन्हीकडचं गणितच जुळत नाही.

यावर उद्योगाने वाटा काढल्या आहेत. आयटीयूने (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने) एच.३५० नावाचा एलडीएपीचा आराखडा केला. त्यात एच.३२३ (गेटकीपर वापरणारी जुनी कॉल पद्धत) आणि सिप उपकरणांची नावं आणि ओळखपत्रं डिरेक्टरीत ठेवायची सोय आहे, पण पासवर्ड कॉल कंट्रोलला वाचता येईल अशा रूपातच ठेवावे लागतात. सिस्कोच्या व्हीसीएस या कॉल कंट्रोलमध्ये एनटीएलएमचं (विंडोजच्या जुन्या ओळख-पद्धतीचं) आव्हान थेट ॲक्टिव्ह डिरेक्टरीकडे नेऊन तपासायची सोय होती. ती मुख्यतः संगणकावरच्या व्हिडिओ सॉफ्टवेअरसाठी होती, खोलीतल्या युनिटांना एनटीएलएम सहसा येत नाही. विद्यापीठाएवढा पसारा असता तर एच.३५० साठी स्वतंत्र डिरेक्टरी उभी करा म्हटलं असतं. तुमच्या १४ युनिटांसाठी कॉल कंट्रोलमध्येच प्रत्येक युनिटला वेगळं नाव आणि तीसेक अक्षरांचा वेगळा पासवर्ड द्या. तो कुणालाच पाठ करायचा नाहीये. एकदा चिकटवला की झालं. सिप असेल तर पोर्ट ५०६१ वर टीएलएसने नोंदणी करा.

डोमेनमधल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या खात्याने युनिट नोंदवणं तर मुळीच नको. हे मी सर्वांत जास्त वेळा बघतो: फोनबुक किंवा कॅलेंडर जोडताना जो माणूस हजर होता त्याचंच खातं घातलेलं. त्याने पासवर्ड बदलला की युनिट जुना पासवर्ड घेऊन दर काही मिनिटांनी दार ठोठावत राहतं आणि त्याचं खातं लॉक होतं. तो बिचारा आयटीवर चिडतो आणि आयटी त्याच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शोधतं. शोधायचं असेल तर डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० क्रमांकाची नोंद बघा. त्यात कुठून लॉक झालं ते असतं. एलडीएपीमधून झालं असेल तर तिथे बरेचदा कंट्रोलरचंच नाव दिसतं. मग त्याच वेळेच्या ४६२५ च्या नोंदीत युनिटचा आयपी मिळतो का ते शोधा.

यंत्राची खरी ओळख पटवायची असेल तर ती नेटवर्कवर पटवा. स्विचवर ८०२.१एक्स (पोर्टवरच ओळख मागायची पद्धत), मागे ती ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर, आणि युनिटमध्ये त्याचं स्वतःचं सर्टिफिकेट. ज्या युनिटांना हे जमत नाही त्यांना मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून) आत घेतात. मॅक पत्ता उचलून दुसऱ्या यंत्राला लावणं कुणालाही जमतं, म्हणून अशी युनिटं वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या काढलेल्या भागात) टाका आणि तिथून फक्त कॉल कंट्रोल, एनटीपी (वेळ सांगणारी सेवा), डीएनएस आणि ६३६ एवढंच उघडं ठेवा. कॉल थेट युनिट ते युनिट होत असतील तर मीडियाची पोर्टंही उघडावी लागतील. रेडियससाठी विंडोजचं एनपीएस वापरणार असाल तर सर्टिफिकेट आणि खातं यांची पक्की जोडणी करावी लागते. मे २०२२ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने ती टप्प्याटप्प्याने सक्तीची केली आहे, २०२५ मध्ये सवलतही संपली. आधी चालणारी मांडणी अपडेटनंतर अचानक बंद पडली तर संशय तिथे घ्या. हे सगळं पहिल्याच महिन्यात करायची गरज नाही.

टीम्सच्या दोन खोल्यांना यातलं काहीच लागू नाही. त्या एलडीएपी बोलत नाहीत, त्यांचं लॉगिन एंट्रा आयडीवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या डिरेक्टरीवर) रिसोर्स खात्याने, म्हणजे खोलीच्याच नावाच्या खात्याने, होतं. त्या खात्याच्या पासवर्डला मुदत नको, आणि मोबाइलवर ओटीपी मागणारी सक्तीही नको, कारण खोलीत उत्तर द्यायला कुणी नसतं. त्याऐवजी 'हे खातं फक्त आमच्या आयपीवरून किंवा नोंदवलेल्या उपकरणावरूनच' अशी अट घाला. खोली विंडोजवरची असेल तर तिच्यात 'ॲडमिन' नावाचं स्थानिक खातं असतं आणि त्याचा मूळचा पासवर्ड 'एसएफबी' ही तीन छोटी इंग्रजी अक्षरं. तो सगळ्या जगाला ठाऊक आहे. ऑडिटवाल्याने विचारायच्या आत बदला.

आता आपल्या भागातल्या दोन गोष्टी, ज्या परदेशी मॅन्युअलात सापडणार नाहीत. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो, शाखेतल्या रॅकच्या खोलीत एसी नसतो आणि यूपीएसच्या बॅटऱ्या एक-दोन उन्हाळ्यांत मान टाकतात. लाइट गेली की युनिट धाडकन बंद. आतली घड्याळाची बॅटरी संपलेली असेल तर परत चालू होताना युनिट कित्येक वर्षं मागच्या तारखेवर जागं होतं. त्या तारखेला तुमचं सर्टिफिकेट जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून टीएलएस जुळत नाही. केर्बेरॉसला (डोमेनच्या लॉगिन पद्धतीला) ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि एच.३२३ नोंदणीत एच.२३५ ही सुरक्षा वापरत असाल तर तिच्यातही वेळेचा शिक्का असतो. लाइट जाऊन आल्यावरच लॉगिन अडतं अशी तक्रार शाखेतून आली की मी पासवर्डाचं बोलतच नाही, आधी युनिटची तारीख वाचून दाखवा म्हणतो. प्रत्येक युनिटला दोन एनटीपी द्या: एक डोमेन कंट्रोलर, आणि दुसरा शाखेचाच राउटर किंवा स्विच.

दुसरी गोष्ट लाइनची. रस्त्याचं काम निघालं की जेसीबी फायबर उचलतो, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे तुटलेली लाइन जोडायला माणूस पोचेपर्यंत दिवस जातो. तेवढा वेळ शाखेतून जळगावची डिरेक्टरी दिसत नाही. कॉल तसेही बंद असतील, पण युनिटचं सेटिंग बघायलाही शिरता आलं नाही तर दुरुस्तीला गेलेला मुलगा हात बांधून बसतो. म्हणून प्रत्येक युनिटवर एक स्थानिक ॲडमिन खातं राखून ठेवा. पासवर्ड युनिटागणिक वेगळा, बंद पाकिटात किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये, आणि वापरला की बदलायचा. बाहेरची ओळख चालू केल्यावर स्थानिक खात्यांचं काय होतं, हे मॉडेलनुसार बदलतं. कुठे दोन्ही चालतात, कुठे स्थानिक युजर बंद होऊन फक्त ॲडमिन उरतो. ते मॅन्युअलात वाचण्यापेक्षा नेटवर्कची तार काढून स्वतः बघा. मोठ्या शाखेत, समजा धुळ्याला, वाचण्यापुरता डोमेन कंट्रोलर ठेवता येतो. पण फक्त व्हीसीच्या लॉगिनसाठी तो खर्च करू नका, तिथले संगणकही त्याच्यावर चालणार असतील तरच विचार करा.

क्रम विचाराल तर मी असा धरेन. आधी सगळ्या युनिटांचं फर्मवेअर आणि घड्याळं. मग १४ ठिकाणचा एकसारखा पासवर्ड मोडून वेगवेगळे स्थानिक पासवर्ड, हे आज संध्याकाळीही करता येईल आणि ऑडिटचा अर्धा आक्षेप तिथेच जातो. मग जळगावच्या एकाच युनिटवर एलडीएपीएस. ते आठवडाभर चाललं की बाकीच्या शाखा. नोंदणीचे पासवर्ड त्यासोबत. ८०२.१एक्स पुढच्या आर्थिक वर्षात. युनिटं तीन-चारच असती तर मी एलडीएपीएसचाही घाट घातला नसता, वेगळे पासवर्ड आणि एक रजिस्टर पुरलं असतं.

पोर्ट ६३६ वर गेल्यानंतरही अडलं तर युनिटचा लॉग उतरवा आणि त्यात कोड ४९ शोधा. त्याच ओळीत 'डेटा' या शब्दापुढे आणखी एक छोटा कोड असतो. ५२५ म्हणजे असं नावच डिरेक्टरीत नाही. ५२ई म्हणजे पासवर्ड चूक, किंवा नाव सर्व्हरला कळेल अशा रूपात गेलेलं नाही. ५३२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ५३३ खातं बंद केलेलं, ७०१ खात्याचीच मुदत संपलेली, ७७३ पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलण्याची सक्ती, जी नवीन सर्व्हिस खातं बनवताना खूण काढायची राहिली की हमखास येते. ७७५ म्हणजे खातं लॉक. हा शेवटचा दिसला तर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून बघू नका, आधी कुठलं जुनं युनिट ते खातं लॉक करतंय ते शोधा. दुसरा कुठला कोड आला तर ती पूर्ण ओळ, युनिटचं मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती इथे टाका. पासवर्ड आणि आयपी मात्र खोडून.